दहाव्याला तो जे बोलला

माझ्या नवऱ्याच्या दोस्तावर मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून जळत होते. हे मी कोर्टात शपथेवर सांगितलंय, मग इथं लपवून काय करू? सवत असती तर बरं झालं असतं, असं मी एकदा आईला म्हणाले होते. सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या धरता येतात, चार बायका आपल्या बाजूनं बोलतात. नवऱ्याच्या दोस्ताचं काय करायचं? त्याच्यावर जळणारी बाई म्हणजे येडी, असंच गाव म्हणणार. आई म्हणाली, "गप बस. दारू पीत न्हाई, हात उचलत न्हाई, अजून काय पायजे तुला?" मला तो पाहिजे होता. पण हे आईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

आमचं गाव केज तालुक्यातलं. दोस्ताचं रान आमच्या रानाला लागून. आमचा एक बैल, त्याचा एक बैल. एका बैलानं नांगर चालत नाही, म्हणून दोघांची सायड. आज आमच्या रानात, उद्या त्याच्या. बैलांची सायड गावात पुष्कळांची होती. पण ह्या दोघांची सायड औत सोडल्यावर सुद्धा सुटायची नाही. संध्याकाळी तो आमच्या घरी यायचा. दारात खाकरायचं नाही, हाक मारायची नाही, सरळ चुलीपुढं. "वैनी, वाढ." आणि दोघं एका ताटात जेवायचे. लहानपणापासूनची सवय. एकानं भाकरी मोडायची, दुसऱ्यानं कालवणात बुडवायची.

आमच्याकडं मालकांचं जेवण झालं की त्याच ताटात बाईनं वाढून घ्यायचं. माझ्या आईनं तसंच केलं, सासूनं तसंच केलं. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला त्याचं कौतुक होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या ताटात दुसऱ्याची पण बोटं फिरलेली. मी ते ताट उचलायची, राखेनं घासून पालथं टाकायची आणि दुसऱ्या ताटात वाढून घ्यायची. सासू म्हणायची, "लई शिकलेली हाय बया." बारावी झालेली होते, तेवढाच काय तो माझा गुन्हा.

मालक माझ्याशी काय बोलायचे? मीठ कमी हाय. लाईट कवा येणार. म्हशीला पेंड घातली का. आणि तिकडं ओट्यावर दोघं बसले की हसण्याचे नुसते फवारे. मी भांडी घासता घासता कान लावायची. तो गेला की विचारायची, "काय म्हणत व्हता?" उत्तर ठरलेलं. "काय न्हाई, असंच." माझ्या संसारात मला मिळालेला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे हा, असंच. गोष्ट त्याला आणि असंच मला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोस्ताची बायको मला विहिरीवर भेटायची, तिला म्हणावं वाटायचं, बाई, तुझ्या नवऱ्याला तुझ्या घरी का जेवू घालत नाहीस? पण ती तोंडाला पदर लावून चालणारी, गरीब गाय. तिच्याशी काय भांडणार?

तर त्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. सासू गोठ्यात धार काढत होती, लेकरं अजून अंथरुणात. मालक उंबऱ्यावर बसून चपलेचा अंगठा नीट करत होते. मोबाईल उतरलेला म्हणून त्यांनी चार्जिंगला लावला आणि तसाच घरी ठेवला. मी म्हटलं, "एक सांगू का? रानात चिंचेखाली दोन खोल्या बांधू. पत्र्याच्या असल्या तरी चालतील. दार तेवढं ओढ्याकडं ठिवा. गावाकडं नको."

ते माझ्याकडं बघायला लागले. म्हणाले, "कावून?"

मी म्हटलं, "असंच."

माझं मलाच हसू आलं. तेही हसल्यासारखे झाले, पण त्यांचं काही कळायचं नाही, गाल हलला की हसले समजायचं. खरं कारण मी पोटातच ठेवलं. गावाकडून यायची वाट समोरून. दोस्त त्याच वाटेनं येणार आणि दार समोर असलं की सरळ चुलीपाशी. दार ओढ्याकडं असलं तर त्याला घराला वळसा घालावा लागला असता. निदान हाक तरी मारावी लागली असती. एवढंच मागत होते मी. मालक उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "संध्याकाळी सांगतो."

त्यांनी मला काही सांगतो म्हणायची ती पहिली वेळ. दिवसभर मी घरात गुणगुणत होते. पीठ मळताना मनात खोल्यांची दारं-खिडक्या बसवत होते.

दुपारी माणसं पळत आली. मालक विहिरीत पडले म्हणून. आमच्याच रानातली विहीर, कठडा नाही, काठाला शेवाळ. डोक्याला मागून खोक. पोलीस आले, पंचनामा झाला, पाय घसरून कडेचा दगड लागला असं सगळ्यांनीच धरलं, आणि अकस्मात मृत्यू अशी नोंद झाली. कुणाला दुसरं काही सुचलंच नाही. मला तर काहीच सुचत नव्हतं.

दोस्त म्हणे आदल्या दिवसापासून माजलगावला होता, त्याच्या सासरवाडीला. निरोप मिळाला आणि दिवस मावळताना आला. आला तो जीपमधून उतरतानाच धाडकन खाली पडला, माती डोक्यात घालून घ्यायला लागला. असा रडला, असा रडला की बायका आपलं रडणं थांबवून त्याच्याकडं बघायला लागल्या. त्याला पाणी पाजायला चार माणसं, पाठीवर हात फिरवायला चार. सासूनं त्याला पोटाशी धरलं. "माझा एक गेला, एक हाय," म्हणाली. मी कोपऱ्यात बसलेली. माझ्या बांगड्या फोडल्या तेव्हासुद्धा निम्म्या माणसांची मान त्याच्याकडंच वळलेली होती. नवरा माझा मेला आणि सांत्वन त्याचं चाललेलं! मनाला काय वाटत होतं ते आता सांगायलाही नको. दुःख होतंच, डोंगराएवढं होतं. पण त्यात सुद्धा ही आग होतीच. मला वाटत होतं, मेल्या, हे तरी माझ्या वाट्याला ठेव.

दहाव्याला आम्ही ओढ्याला गेलो. भावकीनं डोकी भादरली, त्यात त्यानंही भादरलं. भावकी नाही, गोत नाही, तरी बसला न्हाव्यापुढं. गावानं वाहवा केली. चुलत दिरानं पिंड ठेवले, सगळे मागं सरकले. आम्ही बायका बांधावर बसलो होतो. कावळे समोरच्या बाभळीवर येऊन बसले. बसले ते बसलेच.

ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, कावळा शिवत नाही तेव्हा काय होतं. गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं धरतात, आणि एकेकानं पुढं होऊन त्याला शब्द द्यायचा. चुलत दीर म्हणाला, "लेकरांची शाळा बंद पडू देणार न्हाई." कावळा हलला नाही. सासू उठून म्हणाली, "म्हस इकणार न्हाई रे बाळा, तुझ्या हातची हाय." नाही. माझा भाऊ म्हणाला, "भैनीला अंतर देणार न्हाई." तरी नाही. ऊन चढायला लागलं. माणसं चुळबुळ करायला लागली. माझ्याकडं कुणी बघितलं सुद्धा नाही, की बाई, तुला काय म्हणायचंय का. मला म्हणायचं होतं.

तेव्हा दोस्त पुढं झाला. तुळतुळीत डोकं, डोळ्याला धार, हात जोडलेले. मोठ्यानं म्हणाला, "दोस्ता, त्या दोन खोल्याचा घोर करू नको. चिंचेखाली मी सोता बांधून देतो वैनीला. दार ओढ्याकडंच ठेवतो. जा आता, जा."

आणि कावळा आला. शिवला.

लोकांनी हुश्श केलं. म्हातारी माणसं म्हणाली, बघा, दोस्तालाच ठावं व्हतं. सासूनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कावळ्याला भूक लागली असेल, दुसरं काय! पण मला तेव्हा ते सुचलं नाही. मला एवढंच वाटलं, मेल्यावर सुद्धा मालकांनी त्याचंच ऐकलं.

घरी आले ती धुमसत. पाव्हणे जेवून पांगले, सासू ओट्यावर आडवी झाली, आणि मी भिंतीवरच्या फोटोपुढं उभी राहिले. भांडायलाच उभी राहिले. म्हटलं, शोभतं का तुम्हाला? बायकोनं एकदा, आयुष्यात एकदा, काही मागितलं, ते सुद्धा पोटात राहिलं नाही? संध्याकाळी मला सांगतो म्हणालात आणि आधी त्याला जाऊन सांगितलंत? ओढ्याकडच्या दाराचं सुद्धा सांगितलंत? माझ्या घरात तो येऊ नये म्हणून मी दार फिरवते आणि तेच दार तुम्ही त्याच्या हातात देता? कधी सांगितलंत हो? एवढी काय घाई झालती, कधी...

आणि माझी जीभ तिथंच थांबली. कधी?

सकाळी मी बोलले. त्याआधी ते शब्द माझ्या तोंडातून कधी बाहेर पडले नव्हते. मोबाईल घरी, चार्जिंगला. मालक उंबऱ्यावरून उठले ते सरळ रानात गेले आणि दुपारी विहिरीतून निघाले. आणि दोस्त आदल्या दिवसापासून माजलगावला. मग ओढ्याकडचं दार माजलगावला कसं गेलं?

रडायचं होतं तर रडू येईना.

दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन केजला पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी तीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगायला लावली. उलटून विचारलं, सुलटून विचारलं. मग म्हणाले, बाई, एवढ्या एका वाक्यावर? म्हटलं, साहेब, तुम्ही हुडका, वाक्य माझं हाय, मला ठावं हाय ते कधी जन्मलं. त्यांनी हुडकलं. माजलगावहून धारूरमार्गे येणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं, त्या दिवशी सकाळीच ह्याला आमच्या फाट्यावर उतरवला होता. मग त्याच्या गोठ्यामागं कडब्याच्या गंजीत लोखंडी पहार सापडली. धुतलेली, पण नीट नाही.

कारण काय, तर बांध. दोस्ताच्या रानाच्या पलीकडं त्याच्या चुलत्याचं रान. हा दर नांगरटीला त्या बांधात नांगराचं एक तास घालायचा, थोडा थोडा कोरायचा. चुलत्यानं सरकारी मोजणी आणली. शेजारी म्हणून मोजणीवाल्यांनी मालकांना पंच केलं आणि विचारलं, जुना बांध कुठं होता? मालकांनी बोट दाखवलं. "इथं न्हाई साहेब, तिकडं व्हता." खरं ते बोलले, आणि कोरलेली सगळी जमीन चुलत्याकडं परत गेली. त्या दिवशी संध्याकाळीसुद्धा दोस्त आमच्याकडं आला, "वैनी, वाढ" म्हणाला, आणि त्याच ताटात जेवला. मी चुलीपुढं बसून कपाळाला हात लावला होता, की काय ही दोस्ती! मी असं काही बोलले असते तर आठ दिवस अबोला झाला असता. ह्याच्यावर काहीच परिणाम नाही. त्या दिवशी मी त्याच्यावर जळले ना, तेवढी कधी जळले नव्हते. आणि तो माझ्याच हातची भाकरी खात मनात काय शिजवत होता, मुडदा बशिवला त्याचा.

त्याला पकडून नेलं तेव्हा गाव माझ्याच अंगावर आलं. सासू पहिली. "जळकी मेली! माझ्या लेकामागं त्याच्या दोस्ताला बी खाल्लंस." तिचं बरोबरच होतं म्हणा. मी जळकी आहे हे तिनं रोज बघितलेलं. ताट राखेनं घासताना बघितलेलं. मी एक आणि एक दोन सांगत होते आणि लोकांना वाटत होतं, ही जळफळाट काढतीय.

केस अंबाजोगाईच्या कोर्टात उभी राहिली आणि आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तारखेला जायला आमच्या फाट्यावरून एकच एसटी सोयीची. त्यामुळं व्हायचं काय, की मी, माझा भाऊ, सासू आणि दोस्ताची बायको, सगळे एकाच गाडीत. ज्याचा खून झाला त्याची बायको आणि ज्यानं केला त्याची बायको एकाच कंडक्टरकडून तिकीट घेणार. सासू सुरुवातीला तिच्या शेजारी बसायची. कोर्टात सुद्धा तिच्याच बाकावर. मी एकटी दुसरीकडं.

दोस्ताची बायको अधूनमधून बीडला जेलमध्ये त्याला भेटायला जायची. धुतलेली साडी, केसाला तेल, हातात डबा. मी बघायची. देवाशपथ सांगते, मी तिच्यावरसुद्धा जळायची. तिचा नवरा जाळीच्या पलीकडं असेल, पण आहे. बोलतो. काय गं, लेकरं कशी हायत, म्हणत असेल. मी कुणाच्या भेटीला जाऊ?

डॉक्टरांची साक्ष झाली त्या दिवशी एक झालं. डॉक्टर म्हणाले, वार मागून झालाय, माणूस खाली वाकलेला असताना. बहुतेक विहिरीत डोकावत असेल. सासूनं सगळं ऐकलं. जागची उठली, कुणाला काही न बोलता माझ्या बाकावर येऊन बसली. गाडीत फक्त एकदा म्हणाली, "मागनं?" मी म्हटलं, "हां आत्याबाई, मागनं." पुन्हा कधी तिनं मला जळकी म्हटलं नाही.

त्यानंतर जीपवाला फितूर झाला. कोर्टात उभा राहून म्हणाला, रोज लई माणसं बसतात, मला आठवत न्हाई. सरकारी वकिलांचं तोंड उतरलं. मला म्हणाले, आता पहार आणि तुम्ही. पहारीचं तो म्हणतो, दुसऱ्या कुणी आणून टाकली. म्हणजे तुम्हीच. तुम्ही डगमगलात तर सुटला समजा.

माझ्या साक्षीच्या दिवशी सकाळी केजच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. भाऊ पाणी आणायला गेला, सासू बाकावर पेंगत होती. दोस्ताची बायको माझ्याजवळ आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं तोंडावरचा पदर काढला.

म्हणाली, "त्यानं निरोप दिलाय. तू फकस्त 'नीट आठवत न्हाई' म्हण. त्या जीपवाल्यासारखं. मग तुझ्या मालकानं त्या खोल्याचं काय म्हणलं, समदं तुला सांगंल."

म्हटलं, "खोटं बी सांगंल त्यो."

"तुझे मालक कसे बोलायचे तुला ठावं हाय. खोटं आसलं तर वळखशील की." मग इकडं तिकडं बघून म्हणाली, "मी असं बोललेच न्हाई म्हणीन हां, कुठं सांगशील तर." आणि जाऊन आपल्या जागी बसली.

गाडी लागली. अख्ख्या वाटेनं मला दुसरं काही सुचलं नाही. सांगायला लाज वाटत नाही, जीव तुटत होता माझा. संध्याकाळी सांगतो म्हणाले होते, ती संध्याकाळ मला कधी मिळाली नाही, आणि उत्तर तिकडं जेलमध्ये बसलेलं. हो म्हणाले होते का? का माझी टर उडवली दोघांनी मिळून, विहिरीच्या काठावर बसून, बाईला म्हणे येगळं घर पायजे? दोस्त म्हणाला होता, घोर करू नको. म्हणजे मालकांना घोर लागला होता का? का माणूस मेल्यावर असंच म्हणतात? ज्यानं त्यांना मारलं त्याच्याकडं त्यांचा शेवटचा तास होता, आणि मी त्यांची बायको असून माझ्याकडं काही नव्हतं. एक वाक्य बोलायचं फक्त. नीट आठवत नाही. लेकरांची शपथ, दोन-तीन वेळा तर मी ते मनात बोलूनसुद्धा बघितलं.

पिंजऱ्यात उभी राहिले. समोर तो. जेलमध्ये गोरा झाला होता, मेला. सरकारी वकिलांनी विचारलं तसं मी सगळं सांगितलं, उंबऱ्यापासून ओढ्यापर्यंत. आवाज लटपटत होता, पण सांगितलं. मग त्याचा वकील उठला.

"तुमच्या नवऱ्याची आणि आरोपीची मैत्री तुम्हाला पसंत नव्हती, बरोबर?"

"बरोबर."

"तुम्हाला सासूपासून वेगळं राहायचं होतं, म्हणून खोल्यांचा विषय तुमच्या घरात खूप आधीपासून चालू होता. तो गावात सगळ्यांना माहीत होता."

मागं सासू बसलेली. मी वळून बघितलं नाही. "न्हाई साहेब. सासूपासून न्हाई, ह्याच्यापासून येगळं राह्यचं व्हतं. आन् त्या सकाळच्या आधी म्या कुणाला, माझ्या आईला बी सांगितलं न्हवतं."

"म्हणजे तुम्ही आरोपीचा मत्सर करत होता?"

"जळत व्हते."

कोर्टात कुणीतरी हसलं. जजसाहेबांनी वर बघितलं. वकिलाला तर गुळाची ढेपच सापडली. "आणि त्या जळण्यातूनच तुम्ही हे वाक्य रचलंत. इतकी माणसं ओढ्यावर होती, कुणालाच त्यात काही वाटलं नाही. फक्त तुम्हालाच वाटलं."

मग मात्र मला राग आला. आवाजातली लटपट कुठं पळाली कुणास ठाऊक. म्हटलं, "साहेब, बाकीचे रडत व्हते. म्या ऐकत व्हते. ह्याच्यावर म्या लग्नापासून जळते, ह्याचा एकेक शब्द कान देऊन ऐकलाय, कारण माझा नवरा मला कायबी सांगत न्हवता, समदं ह्याला सांगायचा. म्हणून तर कळलं. मालकानं त्या सकाळी बी ह्यालाच सांगितलं. आन् ह्यो तिथं नसता तर कुणाला सांगितलं असतं?"

वकिलानं अजून पुष्कळ विचारलं, पण ते पाणी घालून वाढवलेलं कालवण. मी खाली उतरले तेव्हा दोस्ताची बायको माझ्याकडं बघत होती, आणि मला कळत होतं की मी काय घालवलंय.

निकाल लागला. जन्मठेप. जजसाहेबांनी माझ्या साक्षीचं नाव घेतलं, सरकारी वकिलांनी हात जोडले, भाऊ रडायला लागला. सासूनं माझा दंड घट्ट धरला. बरं वाटलं मला, का नाही वाटणार? पण पोलीस त्याला जिन्याकडं घेऊन निघाले तशी मी सासूचा हात सोडवून पळाले आणि जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिले.

"झालं ना आता समदं? आता तरी सांग. काय म्हणले मालक?"

तो थांबला. पोलीसही थांबले, बिचारे. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड उघडलं. मी बघितलं, शब्द अगदी जिभेवर आले होते. मग त्याची नजर माझ्या मागं वकिलाकडं गेली.

"वैनी, हायकोर्टात अपील करायचंय," तो म्हणाला. "वकिलानं कायबी बोलू नको म्हणलंय."

आणि उतरून गेला.

परत येताना गाडीत सासू माझ्या शेजारी. दोस्ताची बायको पुढच्या बाकावर. सासूनं विचारलं, "काय इचारलंस गं त्याला?" मी सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "आखरीला माझं नाव काढलं आसंल लेकानं. माणूस आईचंच नाव काढतं."

एकुलता एक लेक गेलेली म्हातारी. हां म्हणायला काय जात होतं माझं? पण पोटात असा भडका उडाला. म्हटलं, "त्या दिशी सकाळी ते माझ्याशी बोलून गेलते, आत्याबाई. माझंच काढलं आसंल." तिनं डोळे पुसले आणि मी पुसू दिले.

फाट्यावर उतरलो. भाऊ आणि सासू चहाच्या टपरीवर थांबले. दोस्ताची बायको एकटीच गावाच्या वाटेला लागली. मी भराभर चालत तिच्या मागं गेले. का गेले, मला माहीत नव्हतं. तिनं पाऊल ऐकलं आणि वळली. डोळे सुजलेले.

"तुझ्या साक्षीनं माझा माणूस गेला," ती म्हणाली. "आता मला बी इचारू नको. म्या सांगणार न्हाई."

मी बघतच राहिले. म्हणजे हिला ठाऊक आहे. जाळीजवळ तोंड नेऊन त्यानं हिला सांगितलंय, माझा नवरा काय म्हणाला ते, आणि ही एवढ्या फेऱ्यांत माझ्यापुढच्या बाकावर ते पोटात घेऊन बसलेली. ती पुन्हा पदर ओढून चालायला लागली. मी तिथंच उभी, वाटेच्या मधोमध, आणि तिच्या पाठीकडं बघून माझं काळीज करपत होतं. खुनी का असेना, तिचा नवरा तिला सगळं सांगतो.